केसपेपरची पाठचिकित्सा

जळगाव शहराला लागून असलेले मेहरूण एके काळी स्वतंत्र खेडे होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तलाव आणि बोरे या दोन गोष्टींसाठी खानदेशात त्याचे नाव घेतले जाते. आमच्यापैकी एकाची आजी या मेहरूणमध्ये राहत असे. तिच्या निधनानंतर कपाट आवरताना एक कापडी पिशवी हाती लागली. तीत निरनिराळ्या दवाखान्यांतले केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्डे होती. साहित्याच्या अध्यापकाला जुने कागद तारीखवार लावण्याची सवय असते, त्या सवयीने ते सारे लावले गेले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. त्या कागदांतून एक स्त्री उभी राहत नव्हती. तीन-चार स्त्रिया उभ्या राहत होत्या.

गावाचे नाव कुठे मेहरूण, कुठे मेहरुण, तर कुठे महरूण होते. रोमन लिपीत त्याची आणखी तीन रूपे झाली होती. आजीचे नाव कुठे नुसते, कुठे 'बाई' लावून. मधले नाव बहुतेक ठिकाणी पतीचे, पण एका कागदावर, मुलाने दाखल केले म्हणून, मुलाचे. जन्मतारीख एकीकडे १ जून आणि दुसरीकडे १ जानेवारी. वय एका कागदावर ६५, तर आठ महिन्यांनंतरच्या कागदावर ७०. मधुमेहाची नोंद चार कागदांवर होती, पाचव्यावर नव्हती. आणि पायाची जखम चिघळून ती शेवटच्या वेळी दाखल झाली तेव्हा डॉक्टरांपुढे नेमका तो पाचवा कागद होता.

या प्रसंगात कोणा एकाला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. हजारो, लाखो माणसांचे असे कागद एकत्र करून त्यांचा एक मोठा माहितीसंचय, आजच्या भाषेत डेटाबेस, उभारला जातो आणि त्याच्या आधाराने कोणत्या तालुक्यात कोणता आजार वाढतो आहे, कोणता उपचार कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे ठरवले जाते. या अभ्यासाला आरोग्यसेवा-संशोधन असे म्हणतात. औषध गुणकारी आहे की नाही, हा त्याचा मुख्य प्रश्न नसतो. गुणकारी ठरलेले औषध माणसापर्यंत पोहोचले काय, किती खर्चात पोहोचले आणि त्याने शेवटी काय झाले, हा असतो. मग या संशोधनाची मूळ संहिता किती शुद्ध आहे? ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, आणि तीत कोण आलेच नाही? हे प्रश्न संगणकतज्ज्ञांचे आहेत तितकेच आपलेही आहेत, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या नोंदींच्या इतिहासाकडे वळू.

महाराष्ट्रातील गावोगावच्या मृत्यूंची सर्वांत व्यापक जुनी नोंद रुग्णालयांत नव्हे, तर कोतवाल बुकात सापडते. गाव नमुना १४ म्हणून महसूल खात्याला परिचित असलेली ही जन्ममृत्यूची नोंदवही. कोणाच्या घरी मूल जन्मले, कोण वारले, वय काय, जात काय, मरणाचे कारण काय, असे तिचे रकाने. जुन्या वह्या पुष्कळदा मोडीत आहेत. लिहिणारा माणूस वैद्य नव्हता, रोग ओळखण्याचे शिक्षण त्याला नव्हते. गावोगावच्या या नोंदींची बेरीज वर वर जात अखेर प्रांताच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात येई आणि तेथे कारणांचे मोजके वर्ग असत: पटकी, देवी, ताप, आव-अतिसार, अपघात आणि 'इतर सर्व'. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्यांत आणखी एक रकाना वाढला. या सर्वांत 'ताप' हा रकाना अतिशय उदार होता. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसदाह, सूतिकाज्वर असे सारे काही त्यात सामावून जाई.

अशा ओबडधोबड नोंदीचा उपयोग तो काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९१८ या वर्षाने दिले. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिची दुसरी, भयंकर लाट प्रांतभर पसरली. इन्फ्लुएन्झा असा रकाना गावच्या वहीत नव्हता. माणसे 'तापा'ने मेली असेच लिहिले गेले. तेव्हा अधिकाऱ्यांनी, आणि पुढे लोकसंख्येच्या अभ्यासकांनी, एक साधी युक्ती केली. नेहमीच्या वर्षी त्याच महिन्यांत तापाने किती मृत्यू होत, ते पाहिले आणि त्यावरचे सारे साथीच्या खाती टाकले. हिंदुस्थानात या साथीने ६० लाख माणसे गेली असा पहिला सरकारी अंदाज होता. जुन्या आकड्यांची पुन्हा चिकित्सा झाल्यावर तो १ कोटीच्या बराच वर गेला. रोगाचे नाव न जाणणाऱ्या वहीने रोगाचा आकार सांगितला, कारण तिने कारण चुकीचे लिहिले तरी माणूस वगळला नव्हता. आणि जेथे वगळला तेथे किती वगळला असेल, याचाही अंदाज पुढच्यांना करता आला.

त्याच वर्षी, साथ येण्यापूर्वी महिनाभर, ५ मे १९१८ रोजी बालकवी ठोमरे भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. भादली जळगावहून हाकेच्या अंतरावर आहे. वार्षिक अहवालाच्या वर्गवारीत अशा मृत्यूला जागा एकच: अपघात. मराठी कवितेचे जे नुकसान झाले त्याला त्या तक्त्यात रकाना नाही, आणि असावा असा आमचा आग्रहही नाही. नोंदवहीचा न्याय वेगळा असतो. तिच्यात कवी एक आणि शेतमजूर एक. हा समभाव हेच तिचे बळ आहे, परंतु तो टिकतो केव्हा? प्रत्येक माणूस खरोखरच मोजला जातो तेव्हा.

रुग्णालयांच्या नोंदीची कथा याला समांतर चालते. १८६० साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली होती. तिच्यापुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांच्या आकडेवारीचा एक समान नमुना मांडला. एक रुग्णालय रोगाला एक नाव देते, दुसरे दुसरे. एक बरे होऊन गेलेल्यांना मोजते, दुसरे नुसते गेलेल्यांना. मग कोणत्या रुग्णालयात माणूस अधिक वाचतो, हे कळावे कसे? त्यांचा नमुना किचकट ठरला आणि तो फार काळ चालला नाही. प्रश्न मात्र राहिला. १८९३ मध्ये फ्रेंच सांख्यिक जॅक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण सादर केले. त्याचीच पुढची आवृत्ती १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतली आणि तीत केवळ मृत्यूच नव्हे, तर आजारही आले. आज तिची अकरावी आवृत्ती आहे. प्रत्येक आजाराला एक संकेतांक. जळगावातला हिवताप आणि जिनिव्हातला हिवताप एकाच अंकाखाली.

पण अंकाच्या आधी वाक्य असते. ते वाक्य रुग्णाचे असते. धुळ्याकडची एखादी म्हातारी अहिराणीत 'पोट दुखस' म्हणते, यावलची तिची समवयस्क लेवा गणबोलीत आपले दुखणे सांगते, परिचारिका ते प्रमाण मराठीत ऐकते, डॉक्टर इंग्रजीत लिहितो आणि संगणकावर बसलेला कर्मचारी त्याचा अंक करतो. ही तीन भाषांतरे झाली, आणि प्रत्येक भाषांतरात काही गळते. 'जीव घाबरा होतो' हे वाक्य हृदयरोगाच्या खात्यावर जाईल की मनोविकाराच्या, हे पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या घाईवर अवलंबून असते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये ते पुस्तक निघू शकले. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही स्थिती आपल्याकडे नवी नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत लिहिणारा हात प्रेमाचा होता, त्याला ती बोली येत होती आणि ऐकायला सवड होती. बाह्यरुग्ण विभागात ही तिन्ही साधने एकाच वेळी क्वचितच उपलब्ध असतात.

मृत्यूच्या कारणाचेही तसेच आहे. 'हृदयक्रिया बंद पडून निधन' हे वृत्तपत्रांतील निधनवार्तांचे ठरीव वाक्य. पण हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरते? ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. तेच जेव्हा रुग्णालयाच्या मृत्यू-प्रमाणपत्रावर, म्हणजे ४ क्रमांकाच्या नमुन्यावर, मूळ कारण म्हणून उतरते, तेव्हा त्या मृत्यूपासून कोणीच काही शिकू शकत नाही. मूळ आजार क्षय होता, की प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, की कीटकनाशक पोटात गेले होते? अशा निरुपयोगी कारणांना या क्षेत्रातले अभ्यासक सरळ 'कचरा' म्हणतात. शब्द कठोर आहे, पण अन्यायाचा नाही.

आता आजीच्या पिशवीतील दुसऱ्या अडचणीकडे येऊ: तीन-चार स्त्रियांची एक स्त्री कशी करावी? अमेरिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीचे प्रमुख हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये यासाठी एक सुंदर कल्पना मांडली. प्रत्येक माणसाचे आयुष्य हे एक पुस्तक आहे. पहिले पान जन्माचे, शेवटचे मृत्यूचे, आणि मधली पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली. ती एकत्र बांधणे म्हणजे नोंदींची जोडणी. पुढे १९५९ मध्ये कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम्ब यांनी हे काम संगणकावर करून दाखवले आणि १९६९ मध्ये फेलेगी आणि सन्टर यांनी त्याचे गणित बसवले.

ते गणित साहित्याच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटू नये. दोन नोंदींत आडनाव 'पाटील' असे जुळले, तर जळगाव जिल्ह्यात त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. एखादे विरळ आडनाव जुळले, तर मात्र त्याला मोठे वजन. जन्मतारीख १ जून अशी जुळली, तर तीही फसवी, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेल्या माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. वय ६०, ६५, ७० असे शून्यावर किंवा पाचावर संपत असेल, तर ते सांगितलेले नसून अंदाजाने टाकलेले असण्याचा संभव अधिक. आणि दोन कागदांवर तीच एक विचित्र चूक असेल, तर? तर ते कागद एकाच माणसाचे असण्याची, किंवा एकावरून दुसरा उतरवलेला असण्याची, शक्यता वाढते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे सांगावयास नको. समान चुकांवरून पोथ्यांचे कूळ ओळखायचे, ही विष्णु सीताराम सुकथनकरांच्या शास्त्रातली नित्याची वाट आहे.

साम्य येथेच संपत नाही. चिकित्सक आवृत्तीचा संपादक नापसंत पाठ फाडून टाकीत नाही. तो पानाच्या तळाशी ठेवतो. चांगल्या माहितीसंचयाचाही हाच नियम आहे. मूळ नोंद पुसायची नाही. दुरुस्ती शेजारी ठेवायची आणि ती कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केली, ते लिहायचे. संकेतांकांची आवृत्ती बदलली, तर जुन्या नोंदी कोणत्या आवृत्तीत आहेत, हे जपायचे. सीमा बदलल्या, तर तेही. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश पुढे जळगाव झाला, पश्चिम खानदेश धुळे, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. धुळे जिल्ह्यातील बालमृत्यू १९९८ नंतर कमी झाले असे कोणाला तक्त्यात दिसले, तर आरोग्य सुधारले की सातपुड्याचा मोठा आदिवासी भागच तक्त्याबाहेर गेला, हे आधी पाहावे लागेल. मूळ साधने पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, असा आग्रह आयुष्यभर धरणारे राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांचे दप्तर तेथील संशोधन मंडळाने सांभाळले. रुग्णालयाच्या दप्तराला असा एखादा राजवाडे क्वचितच लाभतो. ते बहुधा तळघरात पडते, ओल खाते आणि ठरावीक वर्षे झाली की रद्दीत जाते.

तरीही महाराष्ट्रात हे काम निष्ठेने झाल्याची उदाहरणे आहेत, आणि ती अभिमानाने सांगावीत अशी आहेत. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. सबंध शहराच्या लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातील पहिली नोंदणी. रुग्णालये आपण होऊन माहिती पाठवतील, याची वाट तिने पाहिली नाही. तिचे कर्मचारी रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि महापालिकेच्या मृत्यू-नोंदणी विभागात स्वतः जात, केसपेपर वाचत, उतरवून घेत आणि एकच माणूस तीन रुग्णालयांत गेला असेल तर त्याची एकच नोंद राहील, हे पाहत. १९८७ मध्ये बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा अडचण निराळी होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतच नसे, मग कागद कोठून यायचा? म्हणून तेथील कर्मचारी बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या सुमारे साडेतीनशे गावांत फिरू लागले. लोकांशी बोलणे, लक्षणे समजावणे, संशयित रुग्णाला तपासणीसाठी आणणे आणि मग नोंद करणे, असा क्रम ठरला. नोंदणी हीच तेथे सेवा झाली.

या कष्टांतून काय निघाले, तेही पाहू. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास आरंभला. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. काही गटांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत नुसत्या डोळ्यांनी पाहणी. एका गटात नेहमीची सेवा तेवढी. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया मेल्या. चाचणी न झालेल्या गटात ६४. हा फरक दिसू शकला तो प्रत्येक मृत्यूची नोंद शोधून तिची मूळ यादीशी जोडणी झाली, म्हणून. जगभरच्या आरोग्यधोरणात या आकड्यांचा आधार घेतला गेला. मात्र ज्या गटाला चाचणी मिळालीच नाही, त्या स्त्रियांचे काय, असा नैतिक आक्षेपही या अभ्यासावर घेतला गेला आणि तो आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ६४ हा आकडा वाचताना तो ६४ घरांचा आहे, याचे भान सुटता कामा नये.

आता अलीकडे येऊ. २ जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती जळगावसह उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी गरिबांना तिचा फार आधार झाला आहे, यात शंका नाही. तिच्यामुळे आणखी एक गोष्ट घडली: प्रत्येक मंजूर उपचाराची नोंद एका मध्यवर्ती संगणकात जमू लागली. संशोधकाला हा मोठाच ठेवा. पण येथे पाठचिकित्सेचा पहिला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. ही नोंद कशासाठी लिहिली गेली? ती पैसे मिळावेत म्हणून लिहिली गेली. योजनेच्या यादीत जो उपचार आहे तो तीत येतो, यादीत नाही तो येत नाही. ज्या आजाराला योजनेत जागा नाही, तो या दप्तरापुरता जिल्ह्यात नाहीच. बाहेरून औषध आणून घरी पडून राहिलेला माणूस तर कोणत्याच दप्तरात नाही. असे दप्तर खोटे नसते. ते एका विशिष्ट हेतूने लिहिलेले असते, जशी बखर असते. बखर टाकून द्यायची नसते, तिचा हेतू ओळखून वाचायची असते.

दप्तराबाहेरची माणसे किती, हे कळायला दप्तराबाहेर जावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच केले. त्यांनी गावोगाव घरी होणारे जन्म आणि मृत्यू स्वतंत्रपणे नोंदवले, आणि सरकारी कागदावर न उमटलेली नवजात बालके मोजली. त्या मोजणीच्या पायावर ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग उभा राहिला. १९९९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली होती. २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यभरातील बालमृत्यूंच्या नोंदींतली तूट सर्वांसमोर आणली. मोजले गेले म्हणून वाचवता आले, असा या कार्याचा अर्थ आहे.

आणि मोजले न गेल्यास काय होते, हे आमच्याच गावाने पाहिले आहे. जून २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत होता. त्या दिवसांत येथील शासकीय रुग्णालयात उपचारांसाठी आणलेली ८२ वर्षांची एक स्त्री बेपत्ता झाल्याचे सांगण्यात आले. घरच्यांनी शोध घेतला, तक्रार झाली. १० जून २०२० रोजी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. कित्येक दिवस तो तेथेच होता. पुढे अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या दिवसांत डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावर केवढा ताण होता, हे आम्ही विसरत नाही. पण रुग्णालयातील सर्वांत जुना आणि सर्वांत लहान माहितीसंचय कोणता? पाळी बदलताना वॉर्डातील माणसे मोजून घेणे, हाच. त्यावर बाकीची सारी इमारत उभी असते. ती एक मोजणी सुटली, तर वर बसवलेल्या संगणकाला काही कळण्याचा मार्ग नसतो.

त्याच आठवड्यात, १६ जून २०२० रोजी, राज्याने जुन्या नोंदी पडताळून कोरोना मृत्यूंच्या संख्येत १,३२८ मृत्यूंची भर घातली. त्यांतील ८६२ मुंबईतले होते. ही पडताळणी झाली, हे चांगलेच झाले. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका होता, आणि सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद कोणाच्या बाजूने सुटतो, हे ठरवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु १९१८ च्या तापाच्या रकान्यासाठी वापरलेलीच युक्ती, म्हणजे नेहमीपेक्षा किती जादा, शंभर वर्षांनंतर पुन्हा वापरावी लागली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

नोंदी वाढाव्यात असे म्हणताना त्यांचे दुसरे टोकही दाखवले पाहिजे. कोतवाल बुकातील जातीचा रकाना ज्यांनी भरला, त्यांना २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्यभर त्या वह्या उघडल्या जातील, हे स्वप्नातही आले नसेल. एका हेतूने लिहिलेली नोंद दुसऱ्या हेतूने वाचली जाते, कधी हक्क मिळवण्यासाठी, कधी हक्क नाकारण्यासाठी. आजाराची नोंद तर याहून नाजूक. क्षय, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांची माहिती चुकीच्या हाती पडली, तर नोकरी जाते, लग्न मोडते. म्हणून संशोधकाच्या हाती जाताना नाव-गाव काढून टाकण्याची रीत आहे. पण मेहरूणसारख्या वस्तीत वय, व्यवसाय आणि एक विरळ आजार एवढे सांगितले तरी शेजाऱ्याला माणूस ओळखू येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये देशाचे डिजिटल आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात प्रत्येकाला चौदा आकडी क्रमांक मिळतो; वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. चौदा आकडी क्रमांकाने आजीच्या चार स्त्रियांची एक स्त्री होईल, ही आशा खरी आहे. मात्र तो क्रमांक नसणाऱ्याला दारातून परत पाठवले जाणार नाही, आणि असणाऱ्याची पाने त्याला न विचारता उघडली जाणार नाहीत, या दोन अटींखेरीज ती आशा पुरी होणार नाही.

आमच्यासारख्या साहित्याच्या माणसांनी यात काय करावे? फार काही नाही, पण थोडे करता येईल. आमच्या मित्रमंडळातील काहींनी पाठचिकित्सेच्या तासाला एक जुना केसपेपर, नाव-गाव आणि ओळख पटेल असे सारे काढून, विद्यार्थ्यांपुढे ठेवायला सुरुवात केली आहे. हा कागद कोणी लिहिला? रुग्णाचे मूळ वाक्य काय असेल? कोणता रकाना रिकामा आहे, आणि तो का? पहिल्या तासाला विद्यार्थी हसतात, दुसऱ्या तासाला गप्प होतात, आणि तिसऱ्या तासाला एखादी मुलगी घरून आपल्या आजोबांचे डिस्चार्ज कार्ड घेऊन येते.

मेहरूणच्या आजीचे कागद आम्ही टाकून दिलेले नाहीत. ते तारखेप्रमाणे लावले आहेत, चार वेगवेगळी नावे चार पेन्सिलींनी अधोरेखित केली आहेत, आणि पाचव्या कागदावर, जेथे मधुमेहाची नोंद राहून गेली होती, तेथे समासात तारीख घालून ती लिहिली आहे. आता तिचा कोणाला उपयोग नाही. तरी मूळ ओळ खोडलेली नाही.